संगणक परवानगी का मागतो? : एका लहान प्रश्नाचा इतिहास

वाचकहो, संगणकावर एखादा नवा प्रोग्राम बसवताना आपण सर्वांनी हा अनुभव घेतलेला आहे. पडदा क्षणभर काळवंडतो, मधोमध एक चौकट उभी राहते आणि संगणक विचारतो की, या प्रोग्रामला तुमच्या यंत्रात बदल करू द्यावयाचे काय? खाली 'होय' आणि 'नाही' अशी दोन बटणे असतात. आपण बहुतेक वेळा ती चौकट पुरती वाचतही नाही. हात सवयीने 'होय'वर जातो. काही जण याहून पुढे जातात. हा प्रश्न पुन्हा येऊच नये अशी तजवीज करून घेतात आणि एक कटकट मिटली म्हणून समाधान मानतात. त्या काही जणांत एके काळी मीही होतो. त्याची किंमत कोणी दिली हे पुढे सांगणारच आहे.

मी इतिहासाचा शिक्षक आहे, संगणकाचा अभियंता नव्हे. परंतु एखादी वहिवाट मोडण्यापूर्वी ती का पडली याची चौकशी करावी, असे आपण वर्गात मुलांना शिकवतो. तोच न्याय या चौकटीला लावून पाहावा, असे मला वाटले. चौकशी केल्यावर ध्यानात आले की हा प्रश्न कोणाच्या लहरीने आलेला नाही. तो नव्हता तेव्हा काय घडले याचा अनेक वर्षांचा अनुभव त्याच्या पाठीशी आहे.

अनेकांचे एक यंत्र

नोव्हेंबर १९६१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत प्रथम करून दाखवली. 'सीटीएसएस' या नावाने ती ओळखली जाते. संगणक त्या काळी खोलीभर जागा व्यापणारा आणि अतिशय महाग असे. त्यामुळे तो अनेकांनी वाटून घेणे भाग होते. आणि जेथे वाटणी आली तेथे माझे काय, तुझे काय, हा प्रश्न आलाच. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र खाते व परवलीचा शब्द देण्यात आला.

त्या दशकाच्या मध्यास तेथे एक गंमतीचा, पण बोधप्रद प्रसंग घडला. व्यवस्था पाहणाऱ्यांपैकी दोघे जण एकाच वेळी दोन निरनिराळ्या फायली दुरुस्त करीत होते. एकात सर्वांसाठीची दैनिक सूचना होती, दुसरीत सर्वांचे परवलीचे शब्द होते. दुरुस्तीचा प्रोग्राम तात्पुरत्या कामासाठी एकच ठरावीक नाव वापरीत असे. त्यामुळे दोन्ही फायलींची अदलाबदल झाली आणि त्यानंतर जो कोणी काम सुरू करी त्याच्यापुढे साऱ्या परवलीच्या शब्दांची यादी येऊ लागली. यात चोर कोणीच नव्हता. प्रोग्राम लिहिणाऱ्याने एवढेच गृहीत धरले होते की त्या जागी एका वेळी एकच माणूस काम करील. प्रामाणिक चुकीच्या हातीही पुरा अधिकार असला म्हणजे काय होते, हे या प्रसंगाने दाखवले.

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी 'युनिक्स' या प्रणालीचे काम सुरू केले. तिच्यात सर्वाधिकारी असे एकच खाते असे. त्याला 'रूट' म्हणत. बाकी सर्व सामान्य वापरकर्ते. परंतु सामान्य माणसालाही कधीमधी विशेष अधिकाराची गरज पडते. उदाहरणार्थ, स्वतःचा परवलीचा शब्द बदलावयाचा तर ज्या फायलीत सर्वांचे शब्द आहेत तिला हात लावावा लागतो. ती फाईल सर्वांना मोकळी करता येत नाही आणि पूर्ण बंदही ठेवता येत नाही. रिची यांनी यावर तोड काढली. ठरावीक प्रोग्रामला, ठरावीक कामापुरता, वरचा अधिकार द्यावयाचा आणि काम होताच तो संपावयाचा. या कल्पनेला १९७९ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. पुढे १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथील विद्यापीठात बॉब कॉगशल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी 'सुडू' हा प्रोग्राम लिहिला. 'एवढी एकच आज्ञा मला सर्वाधिकाऱ्याच्या वतीने चालवू द्या' असे म्हणण्याची ती सोय होती. आपल्या चौकटीचा हा पूर्वज समजावा.

याच सुमारास, म्हणजे १९७५ मध्ये, जेरोम सॉल्ट्झर व मायकेल श्रोडर या दोघा संशोधकांनी संगणकातील माहितीच्या रक्षणावर एक निबंध प्रसिद्ध केला. तो आजही अभ्यासला जातो. त्यातील दोन तत्त्वे आपल्या विषयाशी निगडित आहेत. पहिले असे की प्रत्येक प्रोग्रामला व प्रत्येक माणसाला कामापुरताच अधिकार असावा, अधिक नसावा. दुसरे असे की रक्षणाची व्यवस्था माणसाला सहज वापरता येईल अशी असावी, नाहीतर तो ती योग्य रीतीने वापरणार नाही. हे दुसरे तत्त्व वाचकांनी ध्यानात ठेवावे.

एकट्याचे यंत्र आणि उघडे दार

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. तो एका माणसाच्या टेबलावर बसणारा होता. त्यावरील 'डॉस' प्रणालीत खाते नव्हते, परवलीचा शब्द नव्हता, सामान्य आणि सर्वाधिकारी असा भेदही नव्हता. जो प्रोग्राम चालू होईल तो यंत्राचा मालक. एकट्याचेच यंत्र, मग परवानगी कोणी कोणाची मागावयाची, असा तो विचार होता आणि त्या काळी तो चुकीचाही वाटला नाही.

पण त्या यंत्रात दुसऱ्याची फ्लॉपी जात होती. १९८६ मध्ये 'ब्रेन' नावाचा विषाणू पसरला. तो लाहोरच्या दोघा भावांनी लिहिला होता आणि त्यात त्यांनी स्वतःची नावे, पत्ता व दूरध्वनी क्रमांकही घातला होता. फ्लॉपीच्या आरंभीच्या भागात तो जाऊन बसे आणि एका यंत्रातून दुसऱ्यात जाई. त्याला अडवून 'तू कोण?' असे विचारणारे यंत्रात कोणीच नव्हते.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी 'विंडोज ९५' आली. तीत नाव व परवलीचा शब्द विचारणारी चौकट होती खरी, पण ती रद्द केली तरी माणूस आत जाऊ शकत असे. त्यानंतर इंटरनेट घरोघर शिरले. ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून एक ई-पत्र निघाले. विषयाच्या जागी 'आय लव्ह यू' असे शब्द होते आणि सोबत प्रेमपत्र म्हणून एक फाईल होती. ती उघडताच आत दडलेला प्रोग्राम यंत्राच्या मूळ फोल्डरांत स्वतःच्या प्रती ठेवी, यंत्र सुरू होताना आपणही सुरू व्हावे अशी नोंद करी, चित्रांच्या फायलींवर स्वतःची प्रत लिहून त्या नष्ट करी आणि पत्त्यांच्या यादीतील प्रत्येकाला तेच पत्र पाठवी. अनेक देशांतील कचेऱ्यांना आपल्या टपालयंत्रणा बंद ठेवाव्या लागल्या. फिलिपिन्समध्ये तेव्हा अशा कृत्यासाठी कायदाच नसल्यामुळे संशयितावरील आरोप मागे घ्यावे लागले. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की फाईल उघडणे आणि यंत्राच्या गाभ्यात बदल होणे, यांच्यामध्ये एकही पायरी नव्हती.

मायक्रोसॉफ्टला ही पायरी ठाऊक नव्हती असे नाही. कचेऱ्यांसाठी १९९३ मध्ये काढलेल्या 'विंडोज एनटी'मध्ये निरनिराळे अधिकार असलेली खाती होती. तोच पाया घेऊन २५ ऑक्टोबर २००१ रोजी 'विंडोज एक्सपी' घरोघर आली. परंतु ती बसवताना जी खाती तयार होत ती सर्वाधिकाऱ्याची असत. कुलूप होते, पण किल्ली कुलपातच ठेवलेली होती. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनीही वापरणारा सर्वाधिकारीच असणार असे धरून प्रोग्राम लिहिले. मग सामान्य खात्यातून ते नीट चालेनात. ते चालावेत म्हणून लोक सर्वाधिकाऱ्याच्याच खात्यात काम करीत, आणि लोक तसे करतात म्हणून लिहिणारे आपली सवय बदलीत नसत. असे हे दुष्टचक्र होते. आमच्या पिढीने शाळेत आणि सायबर कॅफेत संगणक पाहिला तो याच काळातला.

१५ जानेवारी २००२ रोजी बिल गेट्स यांनी आपल्या सर्व कर्मचाऱ्यांना एक परिपत्रक धाडले. नवी सोय आणि सुरक्षितता यांत निवड करावी लागली तर सुरक्षितता निवडावी, असा त्याचा आशय होता. हे दुष्टचक्र कोठेतरी तोडणे आता भाग होते.

चौकट आली, आणि थट्टाही

३० जानेवारी २००७ रोजी 'विंडोज व्हिस्टा' सर्वांसाठी खुली झाली आणि तिच्याबरोबर 'युजर अकाउंट कंट्रोल' नावाची ही चौकट आली. तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. आमचे मुख्याध्यापक रोज एक तास वर्गावर शिकवतात. त्या तासात ते केवळ शिक्षक असतात. शाळेचा शिक्का त्यांच्या खिशात नसतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सही करावयाची वेळ आली की ते कार्यालयात जातात, कागद पाहतात आणि मगच कपाटातून शिक्का निघतो. व्हिस्टाने हेच केले. सर्वाधिकारी खात्यातला माणूसही एरवी सामान्य अधिकारानेच काम करतो. यंत्राच्या गाभ्याला हात लावावयाची वेळ आली की चौकट येते, आणि 'होय' म्हटल्यावर त्या एका कामापुरता पूर्ण अधिकार बाहेर निघतो. पडदा काळवंडतो त्यालाही कारण आहे. ती चौकट एका वेगळ्या, राखीव पडद्यावर दाखवली जाते. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने आपल्या वतीने परस्पर 'होय' दाबू नये, यासाठी ही काळजी आहे.

लोकांनी मात्र या चौकटीचे स्वागत केले नाही. ती फार वेळा येई. ॲपल कंपनीने २००७ मध्ये या सारख्या परवानगी मागण्यावर थट्टेची जाहिरातच काढली. ॲपलचा संगणकही महत्त्वाच्या बदलापूर्वी परवलीचा शब्द विचारतो, ही गोष्ट वेगळी. एप्रिल २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील एका परिषदेत मायक्रोसॉफ्टचे एक व्यवस्थापक डेव्हिड क्रॉस यांनी तर उघडच सांगितले की लोकांना त्रास व्हावा म्हणूनच ही चौकट आणली. हे वाक्य ऐकून अनेकांना राग आला. पण त्यामागचा हेतू निराळा होता. वापरणारा त्रासला की तो प्रोग्राम लिहिणाऱ्याकडे तक्रार करील, आणि मग लिहिणारा आपला प्रोग्राम विनाकारण वरचा अधिकार मागणार नाही अशा रीतीने सुधारील, असा तो हिशेब होता.

हिशेब चुकला नाही. कंपनीने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार ऑगस्ट २००७ मध्ये ७,७५,३१२ निरनिराळे प्रोग्राम अशी परवानगी मागत होते. ऑगस्ट २००८ मध्ये ती संख्या १,६८,१४९ वर आली. वाचकहो, हे आकडे मला फार महत्त्वाचे वाटतात. आज आपल्याला ती चौकट क्वचित दिसते, याचे श्रेय ज्यांनी ती बंद केली त्यांना नाही. ज्यांनी त्रास सोसून ती चालू ठेवली आणि तक्रारी केल्या, त्यांना ते आहे.

२२ ऑक्टोबर २००९ रोजी 'विंडोज ७' आली. तीत चौकट किती वेळा यावी हे ठरवण्यासाठी चार पायऱ्यांची पट्टी दिली गेली. त्याच वर्षाच्या आरंभी, तिची चाचणीची आवृत्ती चालू असताना, एक उणीव उघड झाली होती. ही चौकट बंद करण्यासाठी मात्र कोणतीही परवानगी लागत नव्हती. म्हणजे राखणदाराला घरी पाठवावयाचे तर राखणदाराला न विचारताच पाठवता येत होते. जाणकारांनी ते करून दाखवल्यावर कंपनीने अंतिम आवृत्तीपूर्वी दुरुस्ती केली.

आमच्या कार्यालयातील एक दिवस

आता कबूल केलेली गोष्ट. २०१८ साली मी ज्या शाळेत होतो तेथे संगणकातले थोडेफार कळणारा शिक्षक म्हणून कार्यालयाचे यंत्रही माझ्याकडेच असे. तेथील लिपिक वयाने वडील, सारे त्यांना चाचा म्हणत. त्यांचा मराठी टंकलेखनाचा एक जुना प्रोग्राम होता. तो उघडला की दर वेळी चौकट येई. चाचा एके दिवशी म्हणाले, "सर, हे रोजचे विचारणे बंद करा ना. काम सुचू देत नाही." मी ती पट्टी सर्वांत खाली ओढली. दोन मिनिटांचे काम. चाचांनी मला चहा पाजला.

पावसाळ्याच्या अखेरीस शिष्यवृत्तीच्या अर्जांची घाई होती. एका दुपारी बिल म्हणून आलेली एक फाईल चाचांनी उघडली. काहीच झालेले दिसले नाही. तासाभराने जनरल रजिस्टरच्या नकला, निकालपत्रके आणि शिष्यवृत्तीच्या मुलांची माहिती, यांतील एकही फाईल उघडेना. पडद्यावर पैशांची मागणी आली. यंत्र पाहावयास आलेल्या जाणकाराने मला समजावून सांगितले. फायली कुलूपबंद करणे हे काम असा प्रोग्राम सामान्य अधिकारानेही करू शकतो. परंतु विंडोज फायलींच्या ज्या मागील प्रती आपल्यापाशी राखून ठेवते, त्या पुसावयास वरचा अधिकार लागतो. या यंत्रावर ती सोय चालू होती. त्या प्रती पुसताना यंत्राने विचारावयास हवे होते. विचारले असते आणि चाचांनी 'नाही' म्हटले असते, तर बरेच काही परत मिळाले असते. यंत्राने विचारले नाही, कारण विचारू नकोस असे मीच त्याला सांगितले होते.

आम्ही चार रात्री बसून कागदांवरून माहिती पुन्हा भरली. काही पालकांना उत्पन्नाचे दाखले पुन्हा आणावे लागले. एका मुलीच्या आईची त्यात दोन दिवसांची मजुरी बुडाली. तिघा मुलांचे अर्ज मुदतीत गेले नाहीत. रक्कम मोठी नव्हती. परंतु ज्या घरात ती येणार होती तेथे ती लहानही नव्हती. चाचा पुढे कितीतरी दिवस स्वतःलाच दोष देत राहिले. पट्टी कोणी खाली ओढली, हे त्यांच्या ध्यानातही नव्हते. ते मला त्यांना सांगावे लागले.

चौकटीची मर्यादा

या चौकटीने सर्व संकटे टळतात असे म्हणणे खोटे ठरेल. यंत्रणेतील दोषांतून शिरणारे प्रोग्राम तिला बगल देतात. ही चौकट म्हणजे अभेद्य भिंत नव्हे, असे खुद्द मायक्रोसॉफ्टनेही सांगितले आहे. आणि सर्वांत मोठी मर्यादा आपल्यातच आहे. प्रश्न वाचल्याशिवाय 'होय' म्हणणाऱ्याला कोणताही प्रश्न वाचवू शकत नाही. सॉल्ट्झर आणि श्रोडर यांचे दुसरे तत्त्व हेच सांगत होते. परंतु राखणदार कधी डुलकी घेतो म्हणून कोणी दार काढून टाकीत नाही.

हाच इतिहास पुढे आपल्या खिशातल्या मोबाईलवर घडला. फेब्रुवारी २०१२ मध्ये एक लोकप्रिय ॲप वापरणाऱ्यांची संपूर्ण संपर्कयादी न विचारता आपल्याकडे नेत असल्याचे उघड झाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आयफोनने संपर्कयादीसाठी परवानगी विचारण्यास सुरुवात केली. अँड्रॉइडमध्ये पूर्वी ॲप घेतानाच सर्व परवानग्यांची लांब यादी मान्य करावी लागे, नाहीतर ॲप सोडावे लागे. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून कॅमेरा, ध्वनी, संपर्कयादी यांसाठी गरजेच्या वेळी वेगवेगळे विचारले जाऊ लागले. आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेला बँकांना सावध करावे लागले. भामटे फोन करून लोकांना दूरनियंत्रणाचे ॲप घ्यावयास लावतात, परवानग्या द्यावयास लावतात आणि खाते रिकामे करतात, असा तो इशारा होता. म्हणजे दार फोडण्याऐवजी 'होय' म्हणवून घेण्याची कला आता चोरांनी साधली आहे. ज्या प्रश्नासाठी चोर एवढी खटपट करतात, तो प्रश्न निरुपयोगी कसा म्हणावा?

म्हणून वाचकांना माझे सांगणे थोडके आहे. चौकट बंद करू नका. ती वारंवार येत असेल तर दोष बहुधा जुन्या प्रोग्रामचा आहे, तो बदला. रोजच्या कामासाठी सामान्य खाते ठेवा आणि सर्वाधिकाऱ्याचा परवलीचा शब्द एका जबाबदार माणसापाशी असू द्या. शाळेच्या प्रयोगशाळेत तर हे हवेच. चौकट आली की दोनच गोष्टी पाहा. प्रोग्रामचे व तो काढणाऱ्याचे नाव काय, आणि हे काम आत्ता आपणच सुरू केले होते काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल तर चौकटीलाही 'नाही' म्हणा. 'नाही' म्हटल्याने काम फार तर अडेल, आणि ते पुन्हा सुरू करता येते.

त्या प्रसंगानंतर मी ती पट्टी पुन्हा वर नेली आणि चाचांचे खाते सामान्य केले. पुढे कधी चौकट आली की ते हात थांबवून मला हाक मारीत, "सर, काय विचारतोय बघा बरे." मी वर्गावर असलो तर तास संपेपर्यंत वाट पाहत. तेवढा उशीर कार्यालयाला परवडत असे.